शेडमधला थर्मामीटर

बाई, तुमची वही माझ्याकडे आली आहे. लाल कापडी पाठीची ती लांबडी वही, जिच्यावर तुम्ही स्केचपेनने 'तापमान, हजेरी, गुण' असं लिहिलं होतं. वाशीतली तुमची सिडकोची इमारत आता पाडून नवी बांधणार आहेत. तुमच्या भाचीने घर रिकामं करताना माळा उपसला, वहीच्या पहिल्या पानावर 'नोंदी घेणार' याच्यापुढे माझं नाव दिसलं आणि तिने मला शोधून काढलं. आजकाल माणूस शोधायला वेळ कुठे लागतो! फोनवर म्हणाली, "आत्याची आहे, रद्दीत टाकायला मन होईना. तुम्ही न्याल का?" नेईन की, म्हटलं. अगदी उड्या मारत गेले मी. भाचीने चहा विचारला तर तोही घेतला नाही, वही छातीशी धरून रिक्षात बसले. आत काय आहे ते मला कुठे ठाऊक होतं?

तुम्हांला जाऊन सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. मी आता महाप्याला एका कंपनीत आहे, आकड्यांचंच काम करते. गेलं वर्षभर जे काम चाललंय ते ऐकलंत तर तुम्ही हसाल. कुठल्या तालुक्यात उन्हाळा किती कडक जातो, आणि तिथल्या मुलांच्या गुणांवर त्याचा काही परिणाम होतो का, हे शोधायचं. वीस-वीस वर्षांचं तापमान एका बाजूला, शाळांचे निकाल दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आम्ही एसीत बसलेले शहाणे. तुम्ही एका वहीत आणि एका पेन्सिलीत जे करत होता तेच, फक्त आमचे पगार बरे आहेत. माझ्या टेबलावर तुम्ही दिलेला थर्मामीटर असायचा, लाकडी पट्टीचा. कोणी विचारलं की मी गोष्ट सांगायची. आमच्या बाईंनी दिला, नववीत असताना, माझी नोंदींची चिकाटी बघून. नोकरीच्या मुलाखतीत सांगितली होती ती गोष्ट. मागे एका कॉलेजात भाषणाला बोलावलं होतं, तिथेही सांगितली. टाळ्या पडल्या होत्या, बाई.

आपली उरणकडची शाळा तुम्हांला आठवत असेल तशीच मला दिसते. मैदानाच्या अलीकडे स्लॅबची इमारत, पलीकडे पत्र्याची शेड. अ तुकडी स्लॅबखाली, ब तुकडी पत्र्याखाली. तात्पुरती सोय म्हणून बांधलेली ती शेड आम्ही पाचवीत असल्यापासून तात्पुरतीच होती. ब तुकडीला सगळे ढ तुकडी म्हणायचे, सरसुद्धा. माझी चुलत बहीण ब मध्ये होती. आमचं घर एक, चूल एक, ती माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी. घरी हिशेब, पाढे, सगळ्यांत ती माझ्या पुढे. पत्ते खेळायला बसली तर कोणाच्या हातात काय राहिलंय हे न बघता सांगायची. पण घटक चाचणी झाली की मला अठरा, हिला सात. घरी आजोबा म्हणायचे, "हिला काय झालं? डोस्कं तर चालतंय." ती खांदे उडवायची. "मी ढ तुकडीतली हाय ना," म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो. तेव्हा हसू यायचं खरं.

तुम्ही साताऱ्याकडच्या. रोज वाशीहून बस बदलत यायचात, आणि आमच्याकडच्या घामाचं तुम्हांला पहिल्यापासून नवल. तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात की दुपारी दोनला शेडमध्ये मुलं मान टाकतात, ती आळशी म्हणून नाही. म्हणालात आणि थांबला नाहीत, दोन थर्मामीटर विकत आणलेत. मला आठवतो तो रविवार. तुम्ही मला तुमच्या घरी बोलावलं होतंत. ओट्यावर पातेलं, पातेल्यात कोमट पाणी, आणि दोन्ही थर्मामीटर त्यात बुडवून तुम्ही वाकून बघताय. शेजारच्या गॅसवर पिठलं रटरटतंय. "आधी दोघं एकाच पाण्यात एकच सांगतात का ते बघायचं," तुम्ही म्हणालात, "नाहीतर भांडणं लावतील आपल्यात." दोघांनी एकच सांगितलं. मग पिठलं-भाकरी झाली, आणि जेवताना तुम्ही मला काम समजावलंत. रोज दुपारी दोनला दोन्ही वर्गांतला आकडा बघायचा, वहीत लिहायचा. मी विचारलं, एखाद्या दिवशी राहिलं तर? तुम्ही भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलंत. "तर रकाना मोकळा सोडायचा, पोरी. मोकळ्या रकान्याला कोणी मारत नाही. पण न बघता लिहायचं नाही. कळलं काय?" कळलं, म्हटलं. त्या घरात पिठल्याचा वास होता, आणि अख्ख्या शाळेतून तुम्ही मला निवडलं होतंत. मला काहीही कळलं असतं.

पहिला आठवडा मी इमानाने गेले. आमच्या वर्गात चौतीस, शेडमध्ये एकोणचाळीस. आमच्यात पस्तीस, तिथे चाळीस. शेडमधला थर्मामीटर फळ्याच्या बाजूला खिळ्याला टांगलेला, आणि त्याच्या खालीच माझी बहीण बसायची. मी आत गेले की ती वहीने वारा घेता घेता म्हणायची, "आले डॉक्टरीनबाई, ताप बघायला." सगळा वर्ग हसायचा. मला राग यायचा. आणि शाळेचा तो नियम, चपला वर्गाबाहेर ओळीत काढायच्या. शंभर चपलांच्या गर्दीत दोनच्या टोल्याला आपल्या सापडायच्या नाहीत, म्हणून मी अनवाणीच मैदान ओलांडायची. होळी झाली आणि जमीन तापली. एक दिवस अर्ध्यातून टणाटण उड्या मारत परत आले, तळवे लाल. आमच्या वर्गातला आकडा बघितला, पस्तीस. शेड पलीकडेच तर आहे, तिथे किती असेल? एखादा जास्त. लिहिलं छत्तीस. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग पुन्हा कधी गेलेच नाही. पाच आठवडे, बाई. आमच्यापेक्षा एक जास्त, कधी दीड. रोज दीड लिहिलं तर संशय येईल एवढी अक्कल मात्र होती.

मार्च सरता सरता तुम्ही शाळा समितीला अर्ज केलात. अ आणि ब तुकडीने उन्हाळ्यात एक दिवसाआड वर्ग बदलावेत, आणि गणिताची चाचणी दोघांनाही सकाळी द्यावी, असा. हे तुम्ही मला आधीच सांगितलं होतंत. इथेच माझं घोडं अडतं. मी अंदाजाने लिहिलं ते पाय भाजले म्हणून, असंच मी इतकी वर्षं धरून चालले. पण वर्ग बदलले असते तर एक दिवसाआड मलाही त्या पत्र्याखाली बसावं लागलं असतं, आणि ते मला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं? मैदानातून उड्या मारत परत आले त्या दिवसाच्या आधी की नंतर? खूप आठवून बघितलं. लागत नाही. रोज बघते, रोज वेगळं आठवतं.

एप्रिलमध्ये एकदा तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. वर्ग बदलायचं रद्द झालं, एवढंच सांगितलंत. आम्ही समजलो, समितीने नाही म्हटलं. समितीतली माणसं तशीच होती, कोणाला नवल वाटलं नाही. मग तुम्ही पर्समधून शेडमधला तो थर्मामीटर काढलात, रुमालात गुंडाळलेला. नळीतला पारा मध्येच तुटला होता तो तुम्ही बर्फाच्या पाण्यात धरून पुन्हा जोडला होतात. माझ्या हातात देऊन म्हणालात, "हा तू ठेव. रोज बघत जा." तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. मी वाकून नमस्कार केला. तुम्ही पाठीवर हात ठेवला नाहीत, हे आत्ता लक्षात येतंय. घरी येऊन मी तो सगळ्यांना दाखवला, आणि सगळ्यांत जास्त कौतुक बहिणीने केलं. त्या पावसाळ्यात तुम्ही आजारी पडलात आणि दिवाळीनंतर गेलात. दहावीचं सबंध वर्ष ब तुकडी पत्र्याखाली बसली. माझ्या बहिणीचा गणितात निकाल लागला तो नापासाचा, थोडक्या गुणांनी. पुन्हा बसते म्हणाली नाही. आजोबांनी समजावलं, मी समजावलं, ती म्हणाली, "जाऊ दे गो, माजं डोस्कंच नाय त्यातलं." आज ती उरणला कंटेनरच्या गोडाऊनमध्ये आहे, खोक्यांवर लेबलं चिकटवते. छप्पर पत्र्याचं.

आता वहीचं सांगते. मी ती घरी आणून आरामात उघडली, चष्मा पुसून, जुने दिवस बघायला म्हणून. माझं नववीतलं अक्षर, निळी शाई. दुसऱ्या आठवड्यात एक आडवी रेघ, पेन्सिलीची, तुमची. रेघेच्या वर फरक पाच, पाच, चार. रेघेच्या खाली एक, एक, दीड, एक. हा फरक आमच्या ऑफिसातली नवी आलेली मुलंसुद्धा पहिल्या नजरेत पकडतील. पुढे एका बुधवारपासून शुक्रवारपर्यंत तीन नोंदींभोवती तुम्ही गोल केलाय, आणि समासात लिहिलंय, 'शेडमधला पारा तुटला. मंगळवारी सुटल्यावर घरी नेला. सोमवारी परत टांगला.' म्हणजे ते तीन दिवस शेडमध्ये थर्मामीटर नव्हताच, बाई. नुसता खिळा होता. आणि मी तिथलं तापमान लिहीत होते, छत्तीस, सदतीस, साडेछत्तीस. माझी बहीण त्या रिकाम्या खिळ्याखाली बसली होती, तीही घरी काही बोलली नाही. डॉक्टरीनबाई येत नाहीत हे तिला पाच आठवडे दिसत होतं.

वहीच्या शेवटच्या पानात घडी घातलेला एक कागद आहे. समितीला लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा. 'वर्गांच्या तापमानाविषयी मी केलेल्या अर्जासोबतच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. नोंदी घेणाऱ्या विद्यार्थिनीकडून' इथपर्यंत लिहून तुम्ही शेवटची ओळ दोनदा खोडलीय, आणि वर लिहिलंय, 'माझ्याकडून चूक झाली आहे. सबब अर्ज मागे घेत आहे. पुढील उन्हाळ्यात मी स्वतः नोंदी घेऊन पुन्हा अर्ज करीन.' म्हणजे समितीने नाही म्हटलंच नव्हतं. त्यांच्या बैठकीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. तुम्ही मला वाचवायला अर्ज मागे घेतलात, आणि मी तो थर्मामीटर बक्षीस म्हणून मिरवला! मुलाखतीत! व्यासपीठावर! 'रोज बघत जा' म्हणून तुम्ही एवढं मोठ्याने ओरडला होतात आणि मला ते ऐकायला निम्मं आयुष्य लागलं.

तेव्हापासून ऑफिसात बसवत नाही. परवा शेजारच्या टेबलावरची बाई, माझ्याच वयाची, चांगली जाणती, सहज म्हणाली, "अगं, या हवामान केंद्राच्या दोन महिन्यांच्या नोंदी गायब आहेत. शेजारच्या केंद्रावरून भरून टाकते. टेन्शन नको." बरोबरच बोलली ती. आमच्या धंद्यात असं करतात, त्याची रीत आहे, नियम आहेत, कुठे काय भरलं ते लिहून ठेवतात. पण माझ्या तोंडून निघालं, "मोकळं सोड!" इतक्या जोरात की पलीकडच्या लाइनीतली माणसं वळून बघायला लागली. ती बिचारी पुन्हा स्क्रीनकडे वळली. नंतर कँटीनमध्ये म्हणाली, "सुट्टी घे गं दोन दिवस." आणि मी स्वतःलाच समजावत असते. एका शेडमुळे कोणी नापास होत नाही. बोर्डाचा पेपर दुसऱ्या शाळेत होता, सकाळचा होता. हजार मुलांबद्दल आकडे काहीतरी सांगतात, एका मुलीबद्दल काहीच सांगत नाहीत. हे मी लोकांना शिकवते. खरंच आहे ते. पण तुमच्या नोंदी नीट असत्या तर निदान तिच्याबद्दल विचारता तरी आलं असतं. मी तो प्रश्नच पुसून टाकला. आता ती गणितात कशी होती हे कोणालाच कधी कळणार नाही, तिलासुद्धा.

मी सुट्टी घेतली आणि उरणला गेले. वही पिशवीत, थर्मामीटरही. बहीण नुकतीच कामावरून आली होती, पाय धूत होती. "अगो, आज कशी वाट चुकली?" म्हणाली. बोंबील तळायला घेतले, मी नको नको म्हणत असताना. मी सांगायला सुरुवात केली. शेडमध्ये आमच्यापेक्षा पाच अंश जास्त असायचं, एवढ्या उष्म्यात माणसाचं डोकं गणिताला चालत नाही, जगभर लोकांनी तपासलंय, मीही तपासतेय. ती कालथा हातात धरून ऐकत होती. तेल जळायला लागलं तेव्हा मी गॅस बंद केला. मग ती म्हणाली, "म्हंजे मी ढ नव्हती?" बाई, चाळिशी उलटलेली बाई हे विचारते, चेहऱ्यावर हसू नाही. मी म्हटलं, नव्हतीस. "मग त्या बाईंना म्हायती होतं ना? त्या ताप मोजायच्या ना? त्यांनी कायच केलं नाय?" पिशवी माझ्या मांडीवर होती. वहीची कड मला बोटांना लागत होती. आणि मी म्हटलं, "नाही. काही नाही केलं."

तिने कालथा खाली ठेवला. "जाऊ दे," म्हणाली, "मास्तरलोकांचं असंच." मी वही काढलीच नाही. थर्मामीटर तेवढा काढून दिला, हात रिकामा नको म्हणून म्हणा, की तो माझ्याकडे नको म्हणून. तिने ओळखला. फिरवून फिरवून बघितला, आणि म्हणाली, "आमच्या गोडावनमध्ये लावते. बगू किती होतंय ते. तू लिवून ठेव." मला वाटलं, बोलली आणि विसरेल.

विसरली नाही. रोज दुपारी दोनला माझा फोन वाजतो. तिचा फोटो आलेला असतो, लाकडी पट्टी, नळी, पारा, कधी कडेला तिचा अंगठा. खाली लिहिलेलं असतं, 'लिवलंस?' गोडाऊनच्या या टोकाला तिचं टेबल, त्या टोकाला तिने तो लावलाय, मुद्दाम, खिडकीपासून लांब. रोज चालत जाते. एक दिवस फोटो आला नाही तर संध्याकाळी निरोप, 'आज रजेवर होती, मोकला ठेव.' हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाही. मी तुमच्याच वहीत उरलेल्या पानांवर तिचे आकडे लिहायला घेतलेत, आणि त्या दिवसाचा रकाना मोकळा आहे. माझ्या अक्षरातल्या त्या वहीत मोकळा असा तेवढाच एक.

उद्या रविवार आहे, आणि ती वही बघायला येतेय. "तू नीट लिवतेस का बगू दे," म्हणाली, हसत. माझं अक्षर ती लहानपणापासून ओळखते. तो खिळा तिच्या डोक्यावर होता, ते तीन दिवस तिला माझ्यापेक्षा चांगले आठवत असतील. हे पत्र मी वहीत ठेवणार नाही, वाशीच्या त्या पाडायला निघालेल्या घरालाही पाठवणार नाही. तुम्हांला सगळं आधीच ठाऊक होतं. एकच गोष्ट ठाऊक नसेल ती सांगते. आज सकाळी मी नववीच्या सगळ्या पानांना तुमच्या पत्रासकट स्टेपलरने पिना मारून टाकल्या, उघडू नयेत म्हणून. तीन पिना. हे लिहिता लिहिता दोन काढल्या आहेत. तिसरी अजून तशीच आहे.